सार्वजनिक शौचालयाची आखणी : आडोसा, वाट आणि वारा

गावात अथवा बाजारपेठेत सार्वजनिक शौचालय बांधावयाचे ठरले म्हणजे पंचायतीच्या बैठकीत जागा, खर्च आणि ठेका या तीन गोष्टींवर पुष्कळ चर्चा होते. दार कोणत्या दिशेस असावे, झरोका किती उंचीवर असावा, आत शिरलेल्या माणसाने कोणत्या वाटेने जावे, यांवर मात्र सहसा कोणी बोलत नाही. हे तपशील गवंड्याने पाहावयाचे, अशीच बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः ती वास्तू वापरात राहणार की दोन पावसाळ्यांनंतर तिला कुलूप लागणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी याच तपशिलांनी होतो.

नेहमी आढळणारा प्रकार असा की, दार रस्त्यासमोर ठेवलेले असते आणि खिडकी माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर. आत गेलेली व्यक्ती बाहेरून दिसते, म्हणून तक्रार होते. तक्रारीवर उपाय म्हणून खिडकीस पत्रा ठोकतात आणि दारास जाड पडदा लावतात. आडोसा मिळतो खरा, परंतु त्याबरोबर उजेड आणि वारा हे दोन्ही जातात. ओली फरशी वाळत नाही, दुर्गंधी कोंडून राहते, भर दुपारी आत अंधार असतो. मग स्त्रिया तिकडे फिरकेनाशा होतात. आठवड्याच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन येणारी बाई पहाटे घर सोडते ती तिसऱ्या प्रहरी परतते. तोवर पाणीच प्यावयाचे नाही, हा तिने शोधलेला मार्ग. पाणी कमी पिणे आणि लघवी दीर्घकाळ रोखून धरणे यांमुळे मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शाळेतील थोरल्या मुलींची अडचण शिक्षकांना वेगळी सांगावयास नको. सर्व शाळांत शौचालयांची सोय असावी आणि मुलींसाठी ती स्वतंत्र असावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. त्यानंतर अनेक ठिकाणी खोल्या उभ्या राहिल्या. त्या खोलीत मुलगी निर्धास्तपणे जाऊ शकते काय, हे मात्र आखणीवर अवलंबून आहे.

आडोसा हवा असेल तर भोके बुजवावी लागतात, हा समज मुळातच चुकीचा आहे. नजर सरळ रेषेत जाते. वारा मात्र वळसा घेऊ शकतो. वळणावर त्याचा जोर थोडा कमी होतो इतकेच. या साध्या भेदावर सगळी आखणी उभारता येते. आपल्याकडील अनेक जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजातून आत आल्यावर देवडी लागे आणि तेथून वळल्यावाचून माजघर दृष्टीस पडत नसे. दरवाजा दिवसभर उघडा असूनही घरातील माणसांचा आडोसा ढळत नसे. शौचालयाच्या प्रवेशासमोर बांधावयाच्या आडभिंतीचे तत्त्व तेच आहे. ही भिंत दारापेक्षा दोन्ही अंगांना पुरेशी रुंद असावी, म्हणजे रस्त्यावर तिरके उभे राहूनही आत पाहता येणार नाही. अशी वळती वाट असली की बाहेरच्या दाराची गरज दिवसा उरत नाही. ओल्या हाताने कडी धरणे नको, डोक्यावर ओझे किंवा कडेवर मूल असताना दार ढकलणे नको, आणि वाऱ्याची वाटही मोकळी राहते.

मात्र आडोसा आणि दडलेली जागा यांत फरक आहे. पुष्कळदा स्त्रियांचे प्रवेशद्वार संकोचापोटी इमारतीच्या मागील बाजूस, झाडोऱ्याकडे ठेवले जाते. ही सोय नसून संकट आहे. प्रवेश रस्त्यावरून दिसावा, फक्त आतील भाग दिसू नये. आडभिंतीच्या तळाशी वीतभर मोकळी जागा सोडली तर पलीकडे कोणी उभे असल्यास पाय दिसतात आणि खालून वाराही येतो. देखरेख करणाऱ्या माणसाची बैठक अशा ठिकाणी असावी की, दोन्ही प्रवेश त्याच्या नजरेत राहतील आणि आतला एकही भाग राहणार नाही.

आता झरोक्यांविषयी. जाळीचे काम आपल्या देशात फार जुने आहे. ग्वाल्हेर येथील महंमद घौस यांच्या सोळाव्या शतकातील कबरीभोवतीच्या दगडी जाळ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना आतील उजेडाची आणि वाऱ्याची कल्पना येईल. केरळात लॉरी बेकर यांनी साध्या विटा सोडून सोडून रचून स्वस्तात हेच साधले. गोव्यात आणि कोकणात चिऱ्याच्या भिंतीतही असे झरोके ठेवता येतात. पण जाळीचा एक गुण नीट ध्यानात घ्यावयास हवा. दिवसा बाहेर प्रखर उजेड आणि आत काळोख असतो, म्हणून बाहेरच्यास आतले दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की हाच न्याय उलटा होतो आणि दिवसा निर्धोक वाटणारी जाळी बाहेरच्याला सारे दाखवू लागते. म्हणून डोळ्यांच्या पातळीवर जाळी ठेवूच नये. तिचा तळ आतील आणि बाहेरील, दोन्ही जमिनींपासून सव्वादोन मीटरच्या वर असावा. बाहेरची जमीन उंच असेल किंवा शेजारी जिना, कठडा, बसचा उंच चौथरा असेल, तर उंची तेथून मोजावी. ही गोष्ट नकाशात दिसत नाही, जागेवर गेल्यावरच कळते.

उष्ण व दमट हवा हलकी असल्याने वर चढते. तिला छपराखालून बाहेर पडावयास वाट दिली आणि खालून ताजी हवा आत येऊ दिली, तर वारा पडलेला असतानाही थोडाफार प्रवाह चालू राहतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत झरोके असणे हे अधिक महत्त्वाचे. एकाच भिंतीत चार झरोके ठेवले तरी हवा खेळत नाही, कारण तिला शिरावयास आणि निघावयास वेगळी वाट लागते. खोल्यांमधील आडव्या भिंती सव्वादोन मीटरपर्यंत भरीव ठेवाव्या व त्यावरील भाग मोकळा सोडावा. पूर्वी या भिंती बुटक्या ठेवीत आणि खाली मोठी फट सोडीत. हाताहातांत कॅमेऱ्याचा मोबाईल आल्यापासून ती पद्धत टाकून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. दाराखाली दोन-तीन बोटे फट पुरे.

गोव्याच्या किनारपट्टीत पावसाळी वारे मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येतात, तर उघडिपीच्या दिवसांत दुपारी समुद्राकडून आणि रात्री-पहाटे जमिनीकडून वारा वाहतो. म्हणून इमारतीच्या लांब भिंती पूर्व व पश्चिमेस आल्या तर दोन्ही वेळचा वारा आरपार जातो. तथापि येथे वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हेही विसरून चालणार नाही. पश्चिमेकडील झरोक्यांवर छपराची पावळी चांगली हातभर पुढे हवी आणि जाळीच्या पट्ट्या बाहेरच्या अंगास उतरत्या हव्या. मुताऱ्या पूर्वेच्या टोकास ठेवल्या तर दिवसभराचा वास खोल्यांवरून न जाता बाहेर पडतो. अर्थात पूर्वेस खानावळ किंवा शाळेचा वर्ग असेल, तर हा नियम सोडून जागाच बदलावी.

वारा सर्व दोष झाकील, अशी अपेक्षा मात्र धरू नये. मुतारीतील उग्र वास साचलेल्या मूत्रातील युरियाचे जंतूंमुळे अमोनियात रूपांतर झाल्याने येतो. फरशीच्या सांध्यांत मूत्र मुरत असेल तर कितीही झरोके ठेवले तरी वास जाणार नाही. फरशीस मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार आणि भांड्याखाली पाणी धरून ठेवणारा कोंबडा, या दोन गोष्टी प्रथम हव्या.

वाटेचा विचार करताना गर्दीची वेळ डोळ्यांपुढे आणावी. बस येऊन थांबते आणि चाळीस माणसे एकदम उतरतात. आत जाणारे व बाहेर येणारे एकाच अरुंद बोळात अडकले की धक्काबुक्की होते, आणि आडोशाचाही बोजवारा उडतो. हात धुण्याची जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावी. तेथील आरशात खोल्यांची दारे दिसता कामा नयेत; उत्तम आडभिंत बांधूनही चुकीच्या जागी लावलेला एक आरसा सारे उघडे पाडतो. खोलीचे क्षेत्रफळ किमान १.१ चौरस मीटर व रुंदी ०.९ मीटर असावी, असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे. पण पिशवी, ओली छत्री, बरोबरचे लहान मूल हे सर्व सांभाळणाऱ्या स्त्रीला त्याहून थोडी अधिक जागा, एक खुंटी आणि झाकणाची कचरापेटी लागते. दोन्ही बाजूंना समान चौरस मीटर दिले म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. पुरुषांच्या बाजूस मुताऱ्यांमुळे तेवढ्याच जागेत अधिक माणसांची सोय होते, आणि स्त्रियांना वेळही अधिक लागतो. त्यांच्याकडे खोल्या जास्त हव्या. चाकाच्या खुर्चीसाठी चढ १२ ला १ पेक्षा तीव्र नसावा आणि आत खुर्ची वळवावयास दीड मीटरचे वर्तुळ मोकळे असावे. आडभिंत व दार यांच्यामधील वळणही त्या मापानेच सोडावे, नाही तर खुर्ची तेथेच अडते.

ज्याचा विचार सर्वांत शेवटी होतो तो सफाई करणारा माणूस. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेल्यावर उपवास आरंभिला. त्या प्रश्नावर येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी संडासाच्या रचनेचे प्रयोग केले. खोल्यांच्या मागे मीटरभर रुंदीची, वर उघडी बोळ ठेवली तर नळ व तुंबलेल्या नळ्या बाहेरूनच साफ करता येतात. त्याच बोळातून हवाही वर निघून जाते. बोळास कुलूपबंद दार मात्र हवे.

हे सर्व कागदावर ठरविण्यापेक्षा जागेवर ठरवावे. पाया खणण्यापूर्वी फक्कीने भिंती आखाव्या, आडभिंतीच्या जागी बांबूंना चादर बांधावी आणि दाराच्या जागी एकास उभे करावे. मग गावातील चार-पाच स्त्रियांनी रस्त्यावरून, थांब्यावरून, समोरच्या दुकानाच्या पायरीवरून पाहून सांगावे की तो माणूस कोठून दिसतो. शाळेत हेच काम सातवी-आठवीच्या मुलींकडून सुतळी व खुंट्या देऊन करून घेता येईल. भूमितीचा एक तास त्यात सहज जाईल. इमारत पुरी झाल्यावर ताब्यात घेण्यापूर्वी हीच पाहणी पुन्हा एकदा, आतले दिवे लावून, अंधार पडल्यावर करावी.