मूठभर ज्वारी

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली, की मांजरसुंब्याच्या बाजूला दिंड्या दिसू लागतात. बाया, बाप्ये, म्हातारी माणसे कपिलधारला निघालेली असतात. तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे. पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. चालून दमलेल्या माणसाला जेवू घालणे, ही आपली जुनी रीत आहे.

पण याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांना कुलूप असते. धडधाकट माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. मग अन्नदानाचे काम कोणी करायचे?

“पोरांना हाताशी घ्या,” असे म्हटले, तर कोणी म्हणेल, “पोरं काय करणार?” त्यांना साताऱ्याची ही खरी गोष्ट सांगावी.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. कामेही मुलेच करीत. पैशाची फार ओढाताण होती. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. संस्थेने मुष्टिफंडही काढला. घरच्या बाईने एक मूठ धान्य वेगळे ठेवायचे. ते गोळा करून मुलांच्या जेवणाला लावायचे.

मूठ लहान दिसते. पण हिशेब करून पाहू. एका मुठीत ५० ग्रॅम ज्वारी धरू. १०० घरांनी ३० दिवस रोज एक मूठ काढली, तर १५० किलो ज्वारी होते. एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ धरले, तर १,५०० भाकरी झाल्या. माणशी ३ भाकरी वाढल्या, तर ५०० माणसे जेवली. एकाही घरावर भार पडला नाही.

पोरांनी दर रविवारी दोघादोघांनी घरोघर जावे. “काकू, मूठ काढली का?” असे विचारावे. नसली, तर रामराम करून पुढे जावे. बळजबरी करू नये. यात्रेच्या दिवशी पोरांनी पत्रावळी मांडाव्या, पाणी द्यावे, हात साबणाने धुऊन वाढावे. चुलीचे आणि मोठ्या भांड्यांचे काम मोठ्यांनीच करावे.

हिशेबाची वही पोरांकडे द्यावी. किती ज्वारी आली, किती दळली, किती उरली, हे त्यांनी लिहावे. कोणी किती दिले, ते लिहू नये. उगाच कोणाला कमीपणा वाटायला नको. ती वही तुम्ही वाचून तपासा. आता तुम्हालाही वाचता येते.

आणखी एक गोष्ट. कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे पोरांना आधी कळते. शेजारची आजी एकटी आहे. लेक आणि सून उसाला गेली आहेत. ती पंगतीला येत नाही. म्हणते, “लोकं म्हणतील, म्हातारी मागून खाती.”

अशा वेळी पोराने म्हणावे, “आजी, चला की. ज्वारी निवडायला माणूस कमी हाय.”

आजी येते. ज्वारी निवडते. पोरींना दोन गोष्टी सांगते. मग सगळ्यांबरोबर जेवायला बसते. शेजारी दिंडीतला वारकरी असतो. पलीकडे आईबाप उसाला गेलेले एखादे पोर असते. आजीच्या घरची मूठही त्याच भाकरीत असते. आता सांगा, या पंगतीत देणारा कोण आणि घेणारा कोण?

प्रश्न
१. मुष्टिफंड म्हणजे काय?
२. तुमच्या गावात किती घरे आहेत? सगळ्यांनी महिनाभर रोज मूठ काढली, तर किती ज्वारी होईल? वहीत हिशेब करा.
३. कोणी किती दिले, ते वहीत का लिहू नये?
४. तुमच्या आळीत सणाच्या दिवशी एकटे कोण असते? त्यांना पंगतीला कसे बोलवाल?