आजारी मासा आणि त्याचें पाणी

कुत्रें आजारी पडलें तर कण्हतें, मांजर कोपऱ्यांत जाऊन बसतें, आणि गाय चाऱ्याला तोंड लावीत नाहीं हें घरांतल्या लहान मुलाच्याही ध्यानांत येतें. मासा मात्र आपलें दुखणें मुकाट्यानें सोशितो. त्याला पापण्या नाहींत, व आपलें दुःख कोणाच्या कानीं घालण्याची सोय नाहीं. त्यामुळें ज्यानें नुकताच मासा पाळला आहे त्याला तो आजारी असल्याचें बहुधा उशिरां कळतें. आणि कळल्यावर तो घाईघाईनें जें कांहीं करतो त्यानेंच पुष्कळदां माशाचा घात होतो. आमच्या हातून असा घात कसा होतां होतां राहिला तें येथें सांगावयाचें आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत इयत्ता आठवींतील एक विद्यार्थी तास संपल्यावर आमच्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला. त्याच्या हातांत लोणच्याची रिकामी बरणी होती, व बरणीच्या तळाशीं निळ्या-तांबड्या रंगाचा एक मासा पडून होता. बाजारांत ज्याला ‘फायटर’ म्हणतात व पुस्तकांत ज्याचें नांव बेटा असें आढळतें तोच हा मासा. दिवाळींत मामानें तो मुंबईहून आणून दिला होता. त्याचे पर अंगाशीं मिटलेले होते, शेपटीची कड काळपट व झिरझिरीत झाली होती, आणि कल्ले भराभर हालत होते.

“सर, हा दोन दिवस कांहींच खात नाहीं,” मुलगा म्हणाला. “मी रोज याचें सगळें पाणी बदलतों, बरणी साबणानें घासतों, नळाचें ताजें पाणी भरतों. तरी हा असा पडून राहतो. वडील म्हणतात, शे-दीडशें रुपयांचा तर मासा, मेला तर दुसरा आणूं. पण सर, मला हाच पाहिजे.”

हें ऐकून आम्हीं विचार करावयास हवा होता. तो न करितां आम्ही औषधाच्या मागें लागलों. प्रयोगशाळेच्या कपाटांत मेथिलीन ब्लूची बाटली होती. तिचे थेंब माशांच्या रोगांवर घालतात असें वाचल्याचें स्मरत होतें. पेशी रंगविण्यासाठीं आणलेलें तें द्रव्य किती तीव्र आहे हें न पाहतां आम्हीं चार थेंब टाकले, वर चिमूटभर मीठ टाकलें, आणि बरणी उबेसाठीं खिडकींतल्या उन्हांत ठेवून दिली. अर्ध्या तासानें पाहतों तों मासा कुशीवर कलंडून पृष्ठभागाशीं धापा टाकीत होता. मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत होता. शिक्षकाला अशा वेळीं “चूक माझी झाली” असें म्हणणें जड जातें. पण बरणीकडे पाहिल्यावर दुसरें कांहीं म्हणण्यासारखें उरलें नव्हतें.

सुदैवानें प्रयोगशाळेच्या उघड्या पिंपांत आदल्या दिवशींचें पाणी भरून ठेवलेलें होतें. त्यांत थोडें गरम पाणी मिसळून तें बरणींतल्या पाण्याइतकें उबदार केलें, आणि तासभर पेल्या-पेल्यानें निळें पाणी काढून त्याच्या जागीं हें घातलें. संध्याकाळीं मासा सरळ झाला. मग आम्हीं वही घेतली. आमच्या मिशन कॉलेजांतील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणत असत कीं, आधीं पाहा, मग लिहा, आणि हात शेवटीं लावा. वीस-बावीस वर्षांपूर्वीं शिकलेला तो धडा आम्हांस एका माशानें पुन्हां दिला.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथील भातखाचरांत, डबक्यांत व संथ पाटांत तो राहतो. इ. स. १९१० मध्यें रीगन या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञानें त्याला सध्याचें शास्त्रीय नांव दिलें, आणि २०१९ सालीं थायलंडनें त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरविलें. दोन नर एकत्र आले कीं झुंजतात म्हणून त्याला फायटर म्हणतात, व म्हणूनच नर एकटा ठेवावा लागतो. याच्या डोक्यांत कल्ल्यांच्या वर घड्या-घड्यांचें एक इंद्रिय असतें. त्याच्या योगें तो पाण्याबाहेरची हवा तोंडानें घेऊन श्वसन करूं शकतो. त्यामुळें इतर मासे जेथें गुदमरून मरतील तेथें हा तग धरतो. दुकानदार त्याला पेल्याएवढ्या भांड्यांत विकतात तें याच गुणाच्या जोरावर. परंतु घाण पाण्यांत जगतो म्हणून त्याला घाण पाणी मानवतें असा अर्थ नव्हे. भातखाचर उथळ असलें तरी दूरवर पसरलेलें असतें. एक लिटरची बरणी म्हणजे खाचर नव्हे.

आतां पाण्याकडे वळूं, कारण रोग खरा तेथेंच होता. मासा जें उत्सर्जन करतो त्यांत, मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनिया बाहेर पडतो. उरलेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाहीं. पाणी अगदीं नितळ दिसत असतां तो माशाचे कल्ले जाळीत असतो. तळ्यांत दोन प्रकारचे जंतु हें विष हटवितात: पहिले अमोनियापासून नायट्राइट बनवितात, तेंही विषारीच, दुसरे त्या नायट्राइटपासून नायट्रेट बनवितात, तें पुष्कळ सौम्य असतें. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. ते वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजावर घर करून राहतात, आणि नव्या पेटींत त्यांचा जम बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या विद्यार्थ्यानें रोज बरणी साबणानें घासून त्यांना कधीं थारा मिळूंच दिला नव्हता. भरीस नळाच्या पाण्यांतील क्लोरीन होता. जो क्लोरीन आपल्या पिण्याच्या पाण्यांतील जंतु मारतो तोच माशाचे कल्ले व हे उपकारी जंतु यांनाही इजा करतो. म्हणजे मुलानें जितकी अधिक स्वच्छता केली तितका मासा अधिक आजारी झाला. त्याला हें सांगतांना आम्हांस वाईट वाटलें, कारण त्यानें काळजी घेण्यांत कसूर केली नव्हती.

तिसरें कारण थंडी. घाटावरच्या आमच्या गांवीं डिसेंबरांत रात्रीं चांगलाच गारठा पडतो. सकाळीं थर्मामीटर बरणींत धरला तों १८ अंश. या माशाला २५ ते २७ अंश सेल्सिअस लागतात. माशाचें रक्त पाण्याइतकेंच थंड किंवा ऊन असतें. पाणी गार झालें कीं त्याचें पचन मंदावतें व रोगाशीं झगडण्याची शक्ति कमी होते. तो खात नव्हता याचें नवल तें काय?

मुलाच्या वडिलांस आम्हीं चिठ्ठी लिहिली. त्यांनीं हसत हसत का होईना, २० लिटरची एक कांचेची पेटी, झांकण, लहानसा स्पंज फिल्टर आणि ५० वॅटचा हीटर आणून दिला. (मुलांनो, पेटींत हात घालण्यापूर्वीं हीटरची पिन काढावी, आणि हाताला जखम असतां त्या पाण्यांत हात घालूं नये, माशांच्या कांहीं रोगांचे जंतु माणसाच्या जखमेंतही शिरतात.) एक दिवस उघड्या भांड्यांत ठेवलेलें पाणी पेटींत भरलें. ज्या गांवीं पाण्यांत क्लोरॅमीन घालतात तेथें नुसतें ठेवून भागत नाहीं, क्लोरीन घालविण्याचे थेंब वापरावे लागतात. पाणी वरच्या कडेपासून तीन-चार बोटें कमी ठेवलें, कारण झांकणाखालीं हवा नसेल तर हा मासा पाण्यांत असूनही गुदमरेल. उष्णता एकदम न वाढवितां दिवसाला दोन-तीन अंश अशी चढविली.

पुढला नियम मुलाला सर्वांत कठीण गेला: दोन दिवस अन्न बंद. त्यानंतर रोज दोन वेळ दोन-दोन दाणे, आणि न खाल्लेला दाणा लगेच बाहेर. फायटर मांसाहारी आहे. त्याला पाव, भात, पोळीचा चुरा देऊं नये. रानांत तो डासांच्या अळ्या व पाण्यांतले किडे खातो. पाणी रोज चौथाई बदलावयाचें, सगळें कधींच नाहीं. स्पंज मळला तर पेटींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावयाचा, नळाखालीं धरावयाचा नाहीं. अमोनिया मोजण्याचा एक लहान संच मागविला. त्यांत पेटींतलें पाणी घेऊन थेंब टाकले कीं तें पिवळें राहिलें तर ठीक, हिरवें झालें तर त्या दिवशीं अधिक पाणी बदलावयाचें.

शाळेच्या आवारांत देशी बदामाचें झाड आहे. त्याचीं गळून वाळलेलीं तपकिरी पानें या माशासाठीं पूर्वेकडील देशांत पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. एक पान धुऊन टाकलें तर पाणी फिक्या चहासारखें होतें, किंचित् आम्ल होतें, आणि त्यांतील द्रव्यें जंतूंची वाढ थोडी रोखतात. याला औषध म्हणणें आम्हांस धाडसाचें वाटतें. पण पान फुकट आहे, अपाय करीत नाहीं, आणि मुलाला कांहींतरी टाकल्याचें समाधान मिळालें, हाही लाभ लहान नव्हे. मीठही आम्हीं पुन्हां दिलें, पण या वेळीं मोजून: साधें जाडें मीठ, चार लिटरला एक चहाचा चमचा, वेगळ्या पाण्यांत विरघळवून, दोन दिवसांत थोडें थोडें करून, व दहा दिवसांहून अधिक नाहीं.

मग औषध केव्हां द्यावें, असें कोणी विचारील. रोग ओळखल्यावर. शेपटी स्वच्छ फाटली असेल तर ती टोकदार शोभेच्या झाडावर घासली असेल. तें झाड काढावें. कड काळी किंवा लाल होऊन झिजत असेल तर तो परकूज, आणि तो बहुधा वाईट पाण्यानें होतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ते परोपजीवी प्राणी होत. ते माशाच्या कातडींत असतां औषध त्यांना पोंचत नाहीं. तेथून गळून पडून, तळाशीं शतशः विभागून, नवीं पिलें पाण्यांत पोहूं लागलीं म्हणजेच तीं औषधानें मरतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी औषध मध्येंच सोडूं नये. बॅटरीच्या उजेडांत सोनेरी धुळीसारखा लेप दिसला तर तो आणखी निराळा रोग. पोट फुगून मासा वांकडा पोहत असेल तर बहुधा अति खाणें; एक-दोन दिवसांचा उपास हाच त्यावर पहिला उपाय. माणसांच्या जंतुनाशक गोळ्या फोडून पाण्यांत टाकूं नयेत. माशाचा फायदा अनिश्चित, आणि फिल्टरांतले जंतु मात्र मरण्याचा संभव.

सगळेच मासे वांचतात असें सांगून आम्ही बालवाचकांस फसविणार नाहीं. जानेवारींत सातवींतील एका मुलीनें आपला पांढरा फायटर आणला. त्याचे खवले देवदाराच्या फळासारखे चहूंकडून उभे राहिले होते. अंगांत पाणी सांचल्याचें हें लक्षण. तें दिसतें तोंवर आंतलीं इंद्रियें बहुतेक निकामी झालेलीं असतात. आम्हीं पेटी उबदार ठेवली, उजेड कमी केला, पाणी बदललें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तो गेला. ती मुलगी आम्हांस म्हणाली, “सर, मी लवकर आणायला हवा होता का?” आम्हीं तिला खरें तेंच सांगितलें कीं, लवकर आणला असतास तरी बरा झाला असता असें म्हणवत नाहीं. तिनें त्याला बदामाच्या झाडाखालीं पुरलें.

आठवीच्या मुलाची वही आमच्यासमोर आहे. पहिल्या पानावर ‘१८ अंश. खाल्लें नाहीं. तळाशीं.’ एवढेंच आहे. तेराव्या दिवशीं ‘पर उघडले’ असें लिहून त्याखालीं तीन रेघा ओढल्या आहेत. जानेवारीच्या मध्यावर शेपटीच्या काळ्या कडेपुढें कांचेसारखी पारदर्शक नवी कड दिसूं लागली. ती पाहून मुलगा घाबरला होता, त्याला वाटलें कांहीं नवाच रोग आला. ती वाढलेली ताजी त्वचा होती. मार्चपर्यंत तींत निळा रंग भरला, डाव्या बाजूस मात्र एक चुणी राहिली ती अजून आहे. मार्च अखेरीस पाण्याच्या पृष्ठभागावर कोपऱ्यांत फेसाचे बुडबुडे जमलेले दिसले. पिलांसाठीं नर असें घरटें बांधतो. मादी जवळ नसली तरी तो बांधीत असतो.

मे महिन्यांत घरच्या मंडळींस चार दिवस लग्नाला जावयाचें होतें. माशाला कोण खाऊं घालणार म्हणून वडील स्वतः विचारावयास आले. निरोगी मोठा मासा चार दिवस उपाशी राहूं शकतो, शेजाऱ्यानें मूठभर दाणे टाकले तर मात्र पाणी बिघडून मरेल, असें आम्हीं सांगितलें. ते परत आले तेव्हां मासा कांचेपाशीं येऊन वाट पाहत होता. हल्लीं रात्रीं बादली भरून उघडी ठेवण्याचें काम वडिलांनीं आपणाकडे घेतलें आहे, असें मुलगा सांगतो.