कुडजिपला निघण्याआधी

वाशिम

चि. करुणा,

व्हिसा लागल्याचं तुझ्या बाबानं सांगितलं. रविवारी मंडळीत तुझ्यासाठी प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, आपली लेक अंधारात दिवा घेऊन चालली आहे. मला ते रुचलं नाही, आणि उपासना संपल्यावर त्यांना तसं सांगितलंही. तू जातेस त्या पापुआ न्यू गिनीत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. आपल्या वाशिम जिल्ह्यात आपण मूठभर. अंधार-उजेडाचा हिशेब मांडायचाच तर तो उलटा निघेल. ख्रिस्त तिथे तुझ्याआधी पोचलेला आहे. तू कुडजिपच्या दवाखान्यात नर्स म्हणून जातेस आणि त्या लोकांच्या गावात पाहुणी म्हणून. पाहुणीनं कसं राहावं, एवढंच मला सांगायचंय.

ते सांगायचा हक्क मला आहे, कारण मिशनरी कसा राहतो हे आपण वाशिमकरांनी समोरच्या ओट्यावरून पाहिलंय. 1930च्या दशकात नाझरीन मिशननं इथलं मेथडिस्टांचं काम हाती घेतलं. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली अमेरिकेतून आल्या, 1938 साली रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, आणि मग ती बाई जवळजवळ चाळीस वर्षं या मुलखात राहिली. लोक तुला त्यांच्या शस्त्रक्रियांच्या गोष्टी सांगतील. मला त्यांनी इथे काढलेला काळ मोठा वाटतो. इतकी वर्षं राहायचं म्हणजे इथलं ऊन, इथलं पाणी आणि इथली माणसं रोज नव्यानं सोसायची.

सगळ्यांना ते जमलं असं नाही. आमच्या घरात म्हाताऱ्यांच्या बोलण्यात परदेशी बायकांचे दोन वर्ग असायचे. एक जाळीच्या दारामागून बोलणाऱ्या. दुसऱ्या खाली बसणाऱ्या. कुणी किती प्रवचनं दिली हे कुणाच्या लक्षात नव्हतं. कोण बाजारात वांग्यांचा भाव करायची, कुणी ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी ताट टाकलं नाही, हे मात्र बरोबर आठवायचं. तुझ्याबद्दलही तिथे असंच काहीतरी आठवलं जाईल. काय ते तुला निवडता येणार नाही.

खाण्यावरून सुरुवात कर. तिथे रताळं हे रोजचं जेवण. आपल्याकडे शेजारच्या काकू एकादशीला उकडतात, तिथे सकाळ-संध्याकाळ तेच. मोठ्या प्रसंगाला जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळून डुकराचं मांस आणि भाज्या शिजवतात. त्याला मुमू म्हणतात. तू डुक्कर खात नाहीस हे मला ठाऊक आहे. पहिल्या मुमूला काय करायचं ते आजच ठरवून ठेव. नको असेल तर भाजी मागून घे, पण तोंड वाकडं करू नकोस आणि डबा घेऊन तर मुळीच जाऊ नकोस. पाहुण्याला वाढलेलं डुक्कर तिथे नुसतं अन्न नसतं, त्यात त्या घराची पत असते. लोणच्याची बरणी ने, आईचं मन मोडू नकोस. पण ती रोज उघडू नकोस.

लोक सुपारी खातात, चुना लावून, आणि तोंड लाल करून थुंकतात. यावर तुझ्या तोंडून आरोग्याचं भाषण सुटायच्या आधी आपल्या बसस्टँडच्या भिंती आठव. तिथला खर्रा कुठल्या मिशनरीनं सोडवला?

भाषेचं काय करायचं ते सांगते. देशात आठशेवर भाषा आहेत, पण टोक पिसिनवर वॉर्डात भागेल. ती पुस्तकातून शीक, हरकत नाही. आपल्याकडच्या परदेशी बायका महाबळेश्वरला उन्हाळ्यात मराठी शिकायच्या आणि वाशिमला येऊन वऱ्हाडी ऐकलं की गांगरायच्या. त्यांना खरी भाषा शिकवली ती आयांनी आणि पेशंटच्या सोबत आलेल्या सासवांनी. रात्रपाळी मागून घे. वॉर्ड शांत असतो, नातेवाईक जागे असतात, बोलायला माणूस हवंच असतं. हसतील तुला. हसू दे. सिस्टरबाईला काही येत नाही हे एकदा कळलं की लोक मोकळे होतात.

आता जरा कडू बोलते. वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं तेव्हा 1954 साली त्या सरकारनं न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. 1956 साली अहवाल आला. सेवेच्या आडून धर्मांतर चालतं, असा मिशनवर ठपका होता. त्या अहवालाचं नाव काढलं की तुझे आजोबा ताट सोडून उठायचे. मलाही तो पुष्कळसा एकांगी वाटतो. पण त्यातला एक प्रश्न नर्सच्या नोकरीभर माझ्याबरोबर राहिला: जो माणूस आत्ता 'नाही' म्हणू शकत नाही, त्याच्याकडून तू काय मागतेस? सलाईन लावताना प्रार्थना करायची तर मनात कर. त्यानं म्हटलं तर मोठ्यानं. तिथे तर तुझ्यासमोरचा पेशंट बहुतेक ल्यूथरन किंवा कॅथलिक असेल. त्याला त्याच्या मंडळीतून आपल्या मंडळीत ओढण्याचा मोह तुला नाही, तरी तुझ्याभोवतीच्या कुणाला तरी होईल. त्यात पडू नकोस.

चेटूक हा विषय निघेल. तिथे त्याला सांगुमा म्हणतात. बाईवर आळ येतो, तिला जाळतात, तोडतात, आणि त्यातली एखादी तुझ्या ड्रेसिंगच्या टेबलावर येईल. जखम बघ, पोलिसांत कळवायचं ते कळव, तिथल्या सिस्टर सांगतील तसं. पण घरी लिहिताना 'हे लोक' म्हणून लिहू नकोस. त्यांच्या संसदेनं जुना चेटूक कायदा 2013 साली रद्द केला, आणि आपल्या राज्याला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी करावा लागला, तोही त्या कायद्यासाठी झगडणाऱ्या दाभोलकरांचा खून झाल्यावर.

हे लिहिण्यावरून आठवलं. तुला दर तीन महिन्यांनी मंडळ्यांना प्रार्थनापत्र पाठवावं लागेल, फोटोसकट. मी एका जुन्या परदेशी मासिकात आपल्या भागातल्या लेकरांचा फोटो पाहिला होता. नाकाला शेंबूड, अंगात काही नाही, आणि खाली लिहिलेलं की यांच्यासाठी दान करा. त्यातल्या एकाही लेकराचं नाव नव्हतं. त्यांच्या आयांनी त्या सकाळी त्यांना आंघोळ घातली असती, जर कुणी सांगितलं असतं की फोटो काढायचाय. तू सांग. विचार, नाव लिही, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखव. वाचून दाखवता येणार नाही असं वाक्य खोडून टाक. दान थोडं कमी येईल, येऊ दे.

उपासनेत त्यांचं गाणं त्यांच्या पद्धतीनं चालू दे. रेव्ह. ना. वा. टिळकांनी कीर्तन-भजन ख्रिस्ती उपासनेत आणलं तेव्हा परक्या चालीरीतींशी त्यांना किती झगडावं लागलं. शेवटी 1917 साली मिशनचा पगार सोडून ते बाहेर पडले. आपल्या चाली त्यांना शिकवायला गेलीस तर तूही त्या परक्यांसारखंच करशील, फक्त साडी नेसून.

एकटं वाटेल. दिवसा नाही, जेवणानंतर. याला औषध नाही. एखादं घर असं शोध जिथे तुला न विचारता काम सांगतील, रताळी सोलायला बसवतील. आणि पैसे मागायला येतील तेव्हा घाबरू नकोस. तिथे एका कुळाच्या, एका भाषेच्या माणसांनी एकमेकांचं ओझं उचलायचंच असतं. तू त्यांची झालीस की तुझ्याकडेही मागणार. कुठवर द्यायचं हे तिथल्याच एखाद्या वयस्क सिस्टरला विचार, मला फोनवर विचारू नकोस.

राहता राहिलं एक. कुडजिपलाही नर्सिंग कॉलेज आहे. इथल्या नर्सिंग स्कूलमधून आमच्यासारख्या मुली तयार झाल्या म्हणून परदेशी बायका परत गेल्यावरही दवाखान्यात नर्स होत्या. तुझ्या हाताखाली येणाऱ्या मुलीला पहिल्या महिन्यापासून किल्ल्या दे. ती चुकेल तिथे उभी राहा, पण किल्ल्या परत घेऊ नकोस.

रजिस्ट्रेशनचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. फोन रविवारी कर, तुझ्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथे पाच. दर रविवारी नको. तुझी आई वाट बघत बसते आणि कुठे जात नाही.

तुझी,
आत्या