दोष ऐकण्याचे धैर्य

"माझे काही चुकत असेल तर निःसंकोच सांगा," असे म्हणणारी माणसे पुष्कळ भेटतात. परंतु कोणी खरोखरच चूक दाखविली, की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. थोर विद्वानही या दुबळेपणातून सुटलेले नाहीत.

व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, तर दुसऱ्यात सुइणी. आश्चर्य असे, की डॉक्टरांच्या विभागातच तापाने दगावणाऱ्या बाळंतिणी अधिक असत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरांनी १८४७ साली याचे कारण शोधून काढले. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करीत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासीत. प्रेतांतील घातक अंश हातांवाटे त्यांच्या शरीरात जाई. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घालून दिला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शेकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जुलैमध्ये हे प्रमाण शेकडा दोनच्याही खाली आले.

एवढा पुरावा समोर असता सर्वांनी हा उपाय आनंदाने स्वीकारावयास हवा होता. तसे झाले नाही. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, ही अडचण खरीच. परंतु मनाची अडचणही लहान नव्हती. हे म्हणणे मान्य करणे म्हणजे आपल्याच हातांनी रोग्यांना मृत्यू दिला, हे मान्य करणे होते!

पुढे सेमेलवाइस यांच्यावर टीका झाली, तेव्हा त्यांचाही तोल सुटला. विरोधकांना उघड पत्रे लिहून त्यांनी त्यांना खुनी ठरविले. अशाने मने वळण्याऐवजी अधिकच दुरावली. १८६५ साली ते वारले, तोवर त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले नव्हते.

मुलांनो, आपला दोष ऐकून प्रथम वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सांगणाऱ्याचा राग आला, म्हणून त्याचे सांगणे खोटे ठरत नाही. उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि स्वतःस विचारावे, 'हे खरे आहे काय?' खरे असल्यास लगेच सुधारणा करावी. दुसऱ्याचा दोष दाखविताना मात्र शब्द सौम्य ठेवावे. मोकळ्या मनाची परीक्षा गोड शब्दांनी होत नाही. ती कटू सत्य ऐकतानाच होते.

स्वाध्याय
१. डॉक्टरांच्या विभागात अधिक बाळंतिणी का दगावत?
२. सेमेलवाइस यांचे म्हणणे स्वीकारण्यात कोणत्या दोन अडचणी होत्या?