जादा गाड्या

आषाढी जवळ आली, की एस.टी. पंढरपूरला जादा गाड्या सोडते. किती सोडाव्या, हे कसे कळते?

गेल्या साली कुठून किती तिकिटे फाटली, ते आगारात लिहिलेले असते. त्यावरून यंदाचा अंदाज बांधायचा. पाऊस-पेरण्याही बघायच्या. मग गाड्यांचे मार्ग आणि चालकांच्या पाळ्या ठरवायच्या.

अंदाज चुकला, तर माणसे फाट्यावर ताटकळतात. नाही तर एकाच चालकावर भार पडतो. दमलेल्या चालकाचा डोळा लागला, तर सगळ्यांचाच जीव धोक्यात! 1961 च्या कायद्याने मोटार-कामगाराला दिवसाचे 8 तास काम घालून दिले.

2025 साली एस.टी.ने सांगितले होते, की 40 जण जमले तर गावातूनच गाडी मिळेल. आपण आता लिहू लागलो. चला, जाणाऱ्यांची नावे लिहू आणि आगारात वेळेवर देऊ.