फी आणि खाणावळ

कॉलेजचा खर्च म्हणजे केवळ फी, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो अपुरा होय.

पूर्वीं आपल्या भागांतील कॉलेजें नागपूर विद्यापीठास जोडलेलीं होतीं. इ. स. २०११ मध्यें गडचिरोली येथें गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें, व चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे त्याकडे आले. विद्यापीठ जवळ आलें खरें. तथापि सिरोंच्याहून गडचिरोली सुमारें २०० किलोमीटर दूरच राहिली. इ. स. २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या घरांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. हें उत्तमच झालें. पण खोलीचें भाडें, जेवण, प्रवास व पुस्तकें यांचा खर्च उरतोच. धानाचें पीक वर्षांतून एकदां हातीं येतें, तेंदूपानांची मजुरी उन्हाळ्यांतील थोडे दिवस मिळते. खाणावळीचे पैसे मात्र दरमहा द्यावे लागतात.

म्हणून सार्वजनिक पैसा खर्च करतांना वसतिगृह व ग्रंथालय आधीं, शोभेची इमारत मागाहून, हाच क्रम न्याय्य होय. पालकांनींही प्रवेशापूर्वीं संपूर्ण अभ्यासक्रमाचा हिशेब कागदावर मांडावा, व शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत चुकवूं नये.