जिप्सम बोर्डाच्या कामाला नाक मुरडण्याआधी

दर जूनमध्ये नीटचा निकाल लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याचे, सेनगावचे, आजूबाजूच्या खेड्यांतले पालक माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: पोराला पुन्हा वर्षभर शिकवणीसाठी लातूरला ठेवू की नांदेडला? ठेवावं की नाही, हे कुणीच विचारत नाही. शेजारी मान खाली घालून बसलेल्या पोराला तर नाहीच नाही.

२०२४ पासून त्यात भर पडली आहे: "आता तर हिंगोलीतच सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, सर." झालंय, आणि फार चांगलं झालंय. पण तिथल्या १०० जागा हिंगोली जिल्ह्यासाठी राखून ठेवलेल्या नाहीत. १५ टक्के जागा देशपातळीवर जातात, बाकीच्या राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात. २०२५ साली २२ लाखांवर मुलं नीटला बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. थोडक्यात हुकलेल्या मुलाने दुसरा प्रयत्न जरूर करावा. तिसरा आणि चौथा प्रयत्न मात्र बहुतेक वेळा पोराचा नसून बापाचा असतो. गावात काय तोंड दाखवू, या भीतीपायी सोयाबीनचा पैसा जातो, हळदीचा जातो आणि शेवटी उसनवारी होते. तुमच्या लेकराला झोप लागत नाही, जेवण जात नाही, घरी फोन करायला ते कचरतं, हे तुम्हाला कळत असतं. तरी तुम्ही फी भरता. हे थांबवा.

नर्सिंग, डी. फार्म., पॉलिटेक्निक, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन या वाटा तुम्हाला माहीत आहेत. त्यांची चौकशी हिंगोलीत अर्ध्या दिवसात होते. पोलीस भरती करायची तर हाताला दुसरं काम ठेवून करा.

मला सांगायचंय ते वेगळ्याच कामाबद्दल: जिप्सम बोर्डाची पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग. आपल्याकडे याला सरसकट "पीओपीचं काम" म्हणतात आणि मजुरीत जमा करतात. पुण्या-मुंबईत ऑफिस, दवाखाना, मॉल, हॉटेल काहीही उभं राहिलं की आतल्या भिंती आणि छत याच बोर्डाचं होतं. अमेरिकेत हा बोर्ड १०० वर्षांहून जुना आहे. जर्मनीत हे काम शिकायला ३ वर्षांची उमेदवारी करावी लागते. वर्ल्ड स्किल्स या जागतिक कौशल्य स्पर्धेत प्लास्टरिंग आणि ड्रायवॉल हा स्वतंत्र विभाग आहे. २०२४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात ती झाली. आपल्याकडे मात्र या कामावर बऱ्याचदा उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानच्या टोळ्या दिसतात आणि आपली पोरं त्यांच्या हाताखाली बोर्ड उचलतात.

कामात डोकं किती लागतं ते बघा. आधी जीआय पत्र्याच्या चॅनलचा सांगाडा. खाली आणि वर ट्रॅक, मधे उभे स्टड, साधारण दोन-दोन फुटांवर. लेसर लेव्हलने किंवा पाण्याच्या नळीने लेव्हल काढायची, सुताने रेघ मारायची. मग साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड. सहा बाय चारचा एक बोर्ड १८ ते २० किलो भरतो, म्हणून छताला तो दोघांनीच चढवायचा. कापायचा तर कटरने एका बाजूचा कागद चिरायचा, बोर्ड मागे मोडायचा आणि मागचा कागद कापायचा. काळा २५ मिलिमीटरचा स्क्रू असा बसला पाहिजे की डोकं कागदाच्या किंचित आत जाईल, पण कागद फाटणार नाही. फाटला की त्या स्क्रूची पकड गेली.

खरा कारागीर कळतो तो जॉइंटवर. दोन बोर्डांच्या निमुळत्या कडा भिडतात तिथे उथळ खाच पडते. तीत जॉइंटिंग कंपाउंडचा पहिला हात, त्यावर कागदी टेप, आणि पट्टीने दाबून आतली हवा काढायची. वाळू द्यायचं. मग त्याहून रुंद दुसरा हात, पुन्हा वाळू द्यायचं, मग तिसरा. शेवटी बारीक पॉलिश पेपर. भिंतीलगत आडवा दिवा धरला की प्रत्येक उंचवटा दिसतो. ओल्यावरच पुढचा हात मारणाऱ्याच्या कामाला काही महिन्यांत भेग पडते आणि पैसे अडकतात. बाथरूमजवळ हिरव्या कागदाचा, ओल सोसणारा बोर्ड लागतो. आग रोखायची तिथे गुलाबी. मुळात जिप्सममध्येच वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन निघेपर्यंत पलीकडची खोली तापायला वेळ लागतो. बारावी सायन्सच्या पोराला हे एकदा सांगितलं की कळतं. बारा बाय दहाच्या खोलीच्या छताला किती बोर्ड? १२० चौरस फुटांना २४ ने भागा: पाच, वर तुटफूट. हा हिशेब ज्याला जमतो तो हजेरीवर राहत नाही. स्क्वेअर फुटावर काम घेतो, पुढे स्वतःची टोळी उभी करतो.

आता धोका, कारण तो लपवून मी कुणालाही या कामाला पाठवणार नाही. जॉइंट घासताना उडणारी पांढरी धूळ फुफ्फुसात जाते. काँक्रीटच्या स्लॅबला ड्रिल मारताना तर सिलिका उडते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. एन-९५ लागतो, नाकावर घट्ट बसणारा, कोंदला की बदलायचा. वर ड्रिल मारताना डोळ्यांना गॉगल, चॅनल कापताना हातमोजे, कारण पत्र्याची धार ब्लेडसारखी लागते. घोडीवर चढायचं तर ती हलत नाही ना ते आधी बघायचं. उंच छताला हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट. लातूरला फी, खोली, मेस मिळून लाखाच्या पुढे मोजणारा बाप पोराला चांगला मास्क आणि स्वतःचं स्क्रू ड्रायव्हर मशीन घेऊन द्यायला मागेपुढे बघतो, याचा मला राग येतो. हे काम हलकं आहे असं आपणच धरून चाललो, म्हणून पोरं विनामास्क, विनाशिक्षण त्यात ढकलली जातात.

शिकायला वाट आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या आणि बांधकाम क्षेत्राची कौशल्य परिषद यांचे कमी मुदतीचे अभ्यासक्रम असतात. स्किल इंडियाच्या पोर्टलवर शोधा. १८ वर्षं पूर्ण झाली आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलं की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ती टाळू नका. त्या ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून वेळेवर घ्या.

आणि पोराला कुठल्याही ठेकेदाराकडे पाठवण्याआधी बापाने स्वतः जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. पगार आठवड्याला की महिन्याला? मास्क आणि बेल्ट कोण देणार? सहा महिन्यांनी याच्या हातात पट्टी देणार की नुसते बोर्डच वाहायला लावणार? तिसऱ्या प्रश्नाला जो उत्तर टाळतो, त्याच्याकडे पाठवू नका.